दुसऱ्या सहीचा रकाना

४ फेब्रुवारी

ताई,

नाना उद्या सकाळच्या गाडीने निघतायत. शेजारचे मास्तर त्याच गाडीने जाणार आहेत, ते तुझ्या दुकानाच्या दारात आणून सोडतील. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं पाच मिनिटांत वाजतं आणि मग नाना दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. तेच म्हणाले, तुम्ही दोघी लिहीत जा, लिहिताना समोरची मध्ये तोंड घालत नाही.

तीन महिने तुझ्याकडे, हे तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं नाही, एवढं लक्षात ठेव. त्यांचं हृदय कमजोर झाल्याचं कळलं त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत एकही गोळी चुकलेली नाही. माझं मशीन आणि त्यांची खुर्ची शेजारी शेजारी असतात. मी लोकांच्या पँटी आखूड करते आणि ते मला शिलाई वाकडी गेल्याचं सांगतात, असं आमचं चाललेलं असतं.

बॅगेत वरच औषधांचा डबा आहे. सात कप्पे, प्रत्येकात सकाळची बाजू आणि संध्याकाळची बाजू. पुढच्या गोळ्या पाकिटांत आहेत, पाकिटांवर मी नाव आणि वेळ लिहिली आहे. सकाळच्या चारांमधली छोटी पांढरी लघवीची. ती घेतली की दोन-तीन तास संडासाजवळ राहावं लागतं, त्याची सोय बघ. मीठ कमी. रोज सकाळी चहाच्या आधी वजन. काटा सोबत दिलाय, परक्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. वहीसुद्धा दिली आहे. ते आपलं आपण वजन करून लिहितात. तीस वर्षं गोदामाच्या फाटकावर ट्रक तोलले, तिथे स्वतःचं काय.

दवाखान्यातल्या सिस्टरने एक पिवळा कागद दिलाय, त्यात बारीकसारीक लिहिलंय. तो मी माझ्याकडेच ठेवते, प्रवासात हरवायचा. काही अडलं तर मला विचार. मला पाठ आहे.

तुला चष्म्याच्या काचा कळतात. नाना कळायला वेळ लागतो.

तुझी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

सुईबाई,

तुझं पत्र म्हणजे खोक्यावर चिकटवलेली सूचना होती. जपून हाताळा, ही बाजू वर. नाना सुखरूप आहेत, फुटले नाहीत.

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मला नको झालं होतं. चहा दिला, की धाकटी यात साखर कमी घालते. उशी दिली, की धाकटी ही अशी दुमडून देते. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, आठ महिन्यांत हिने माणूस पार आपल्या नावावर करून घेतला. माझ्या पोटात दुखलं. लिहून टाकते, उगाच कशाला लपवू.

पण आता गाडी रुळावर आली आहे. सकाळी ते खाली माझ्या दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाइकाला पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली की हे मागून हळूच वाचून दाखवतात. परवा एका काकूंचा नंबर त्यामुळे चुकला आणि मला काच परत घासून घ्यावी लागली. इतके हसत होते, की मला रागवता येईना. तुझ्याकडे इतके हसायचे का? सहज विचारते.

जेवण छान चाललंय. बारा दिवसांत एक किलो वाढलं. तुझ्याकडे म्हणे आठ महिने एकसष्ट किलो चारशेवर अडकून होते. त्यांचाच आकडा आहे, मी काही म्हणत नाही.

आमच्या दोघांची एक गंमतही ठरली आहे. ती तुला सांगणार नाही, तू ओरडशील. आणि हो, लहानपणी आपल्या दोघींना एकदम पोत्यांच्या काट्यावर उभं करायचे आणि एकच आकडा सांगायचे, आठवतं? कोण जड ते कधी सांगितलं नाही. मला परवा सांगितलं.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

कोण जड होतं ते तुझं तुझ्याजवळ ठेव. मला ऐकायचं नाही.

एक किलो वाढलं, छान. माझ्या हातचं त्यांच्या अंगाला लागत नव्हतं, असं म्हणायचं असेल तर सरळ म्हण. मीठ मी मोजून घालायचे, कारण मला तसं सांगितलं होतं. बेचव जेवण वाढून त्यांचं पडलेलं तोंड रोज बघितलंय मी. तुझ्याकडे पाहुणे म्हणून आलेत, पाहुण्याला सगळंच गोड लागतं.

हो, माझ्याकडेही हसायचे. मोजलं नाही.

तुमची गंमत मी विचारणार नाही. माझीही त्यांच्याशी एक गंमत आहे, रोज सकाळची, चहाच्या आधीची. त्यांनी ती तुला सांगितलेली दिसत नाही. मग मीही सांगत नाही.

काल एका बाईंनी तीन फ्रॉक टाकलेत, वेळ नाही. गोळ्या वेळेवर दे.

धाकटी


६ मार्च

सुईबाई,

रागावलीस. मग आता हे वाच आणि अजून रागाव.

नानांचे बूट त्यांना चावायला लागले होते. संध्याकाळी काढले की मोज्याचा वळ घोट्यावर तसाच राहायचा. आठ महिन्यांत तुझ्या लक्षात आलं नाही, की माणसाला बूट लहान होतायत? मी एक नंबर मोठे घेतले, मऊ, बिनलेसचे. घालून आरशासमोर उभे राहिले. दुसरं म्हणजे, ते सपाट झोपत नाहीत, त्यांना उंच उशी लागते. मी माझ्या दोन्ही चांगल्या उशा दिल्या आणि स्वतः चादरीची घडी घेते. तीन उशांवर टेकून राजासारखे झोपतात.

गुडघा दुखत होता. माझ्या ड्रॉवरमध्ये पाठदुखीच्या गोळ्या असतातच, त्यातली सकाळ-संध्याकाळ एक दिली. दोन दिवसांत चालायला लागले, आता रोज घेतात. तुझ्या एवढ्या मोठ्या डब्यात गुडघ्याचं काही नव्हतं.

आणि आता आकडा. चौसष्ट किलो शंभर. गेल्या आठवड्यातच दीड-पावणेदोन किलो. पँटचं बटण लागत नाही. तू कंबर आत घेतलीस, मी सोडवून घेतली, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून. तुझ्याएवढा सफाईदार नाही, पण नानांनी चूक काढली नाही.

जिना चढताना मध्ये थांबतात. पण आता वय झालंच की, आणि पोट वाढलंय.

चांगलं चाललंय ते चांगलं म्हणायला काय होतं गं तुला?

ताई


१५ मार्च, दुपार, तुझ्याच स्वयंपाकघरातून

ताई,

तू दवाखान्यातून येशील तेव्हा मी तिकडे निघालेली असेन. दोन दिवस आपण अशाच येतोय-जातोय, वॉर्डच्या दारात तू किल्ली देतेस आणि मी घेते. तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही. म्हणून टेबलावर, साखरेच्या डब्याखाली ठेवतेय.

तुझं सहा तारखेचं पत्र मला नऊला मिळालं. मी ते तेराला उघडलं.

पाकीट हाताला जाड लागलं. म्हटलं, आता काय मिरवणार आहे ही. मशीनवर कात्रीखाली ठेवून दिलं. रोज दिसत होतं आणि मी रोज उघडत नव्हते. तुझं सुख वाचायला माझ्यात बळ नव्हतं, एवढंच कारण आहे. चार दिवस नाना तीन उशांवर बसून श्वास घेत होते आणि मी इथे फ्रॉकला फुग्याच्या बाह्या लावत होते.

उघडलं तेव्हाही आधी जळलेच. बूट वाचले, जळले. उशा वाचल्या, जळले. पँटशी आले तेव्हा हात थांबला. ती पँट मी आत घेतली होती, त्यांची कंबर मला झोपेतही सांगता येईल. माणूस खाऊन जाड होतो तेव्हा पोट, पाय आणि श्वास एकदम एकाच आठवड्यात बिघडत नाहीत. मग पिवळा कागद काढला. त्यात लिहिलंय: दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, किंवा पाय सुजले, किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी दवाखान्याला कळवा, अंगात पाणी साठतंय. पुढे लिहिलंय, लघवीची गोळी मनाने बंद करू नका, आणि दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. तुझं अख्खं पत्र त्या कागदावर होतं.

पुढचं तुला माहीत आहे. मी फोन केला, तू डोळ्यांत औषध घातलेलं गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून नानांना टॅक्सीत घातलंस.

कागद हरवेल म्हणून ठेवला, हे खोटं होतं. पाठ आहे हेही खोटं. तुला प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागावी म्हणून ठेवला. तू विचारलं नाहीस, कारण तुला विचारण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. हे मी दहा वेळा उलटसुलट करून बघितलं, दोष माझ्याच दारात येऊन बसतो.

आता ती सकाळची गंमत. फाटकावर एक नियम होता. काटेवाल्याने वजन लिहायचं, दुसऱ्या माणसाने काटा बघून शेजारी सही करायची. दोन सह्या नसतील तर गाडी सुटायची नाही. नानांनी वहीत तोच रकाना आखलाय. रोज सकाळी ते काट्यावर उभे राहायचे आणि मी वाकून आकडा बघून सही करायचे. एखाद दिवशी अर्धा किलो वाढलं तरी मी विचारायचे, काल काय खाल्लंत. मला तो पोरखेळ वाटायचा, पण माझा होता. तुला सांगितला असता तर तुझा झाला असता.

वही आत्ता माझ्यासमोर आहे. पाच फेब्रुवारीपासून दुसऱ्या सहीचा रकाना कोरा आहे. त्यांनी तुला सांगितलंच नाही. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, थोरली सकाळी शटर उघडायच्या घाईत असते.

आणि सात तारखांपुढे बारीक शून्य काढलंय. ते काय आहे?

धाकटी


१५ मार्च, संध्याकाळ

धाकटे,

चार दिवस. वाचल्यावर मी तो साखरेचा डबा भिंतीवर आपटणार होते. मग आठवलं, की त्या प्रत्येक दिवशी मीही घरात होते, डोळे उघडे ठेवून, आणि डोळे हाच माझा धंदा आहे. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. जेवण झाकून ठेवलंय, ते जेव.

शून्य म्हणजे आमची गंमत. संडास वर, दुकान खाली, मध्ये जिना. पहिल्याच आठवड्यात एकदा वर पोचायच्या आत त्यांचं झालं. खाली दोन गिऱ्हाइकं बसली होती. नाना दोन दिवस दुकानात आले नाहीत. मग मला म्हणाले, आज लघवीची गोळी राहू दे, खाली तुझ्याजवळ बसतो. मी राहू दिली. डब्यातून काढून बेसिनमध्ये टाकली, तुला कळू नये म्हणून. दर दोन-चार दिवसांनी असंच. त्यांना माझ्याकडे जास्त आवडावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझ्याकडे कैद आणि माझ्याकडे सुट्टी, असं त्यांनी म्हणावं.

म्हणालेही एकदा. मी तुला लिहिणार होते.

आज मोठ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. मी गोळीचं सगळं खरं सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बाहेर जायचं असेल तर गोळीची वेळ कशी हलवायची ते आम्हाला विचारा, आम्ही सांगतो, गोळी मात्र चुकवायची नाही. आणि चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. इतकं सोपं होतं. नानांनी पलंगावरून ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

चार किलो पाणी निघालंय म्हणे. गुडघ्याच्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या.

अजून एक म्हणाल्या, ते तुला तोंडावर सांगणं मला जमणार नाही. निदान सहा महिने प्रवास नाही. ते इथेच राहतील, माझ्याकडे. मी मागितलं नव्हतं. आतून बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

ताई


३० मार्च

ताई,

घरी पोचले. खुर्ची मशीनशेजारून उचलून भिंतीला लावली होती, आज परत जागेवर आणली. शिलाई वाकडी गेली तर सांगायला कोणी नाही, आणि मुद्दाम बघितलं, वाकडीच जाते.

सोबत पिवळा कागद पाठवतेय, मूळ. माझ्यासाठी नक्कल केलेली नाही, त्याची गरज नाही. आता खरंच पाठ आहे. फ्रिजवर नको लावू, ओलीने खराब होईल. औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटव. नव्या गोळीचं नाव आणि वेळ त्यावर लिही, आणि जुनी बंद झाली असेल तर तिचं पाकीट घरात ठेवूच नकोस.

दुकानात खाली संडासाची सोय करतेयस असं नाना फोनवर म्हणाले. चांगलं केलंस. हे लिहायला मला अर्धा तास लागला.

तू आणि ते रोज सकाळी काट्याशी उभे असता, हे डोळ्यांसमोर आलं की माझा जळफळाट होतो. माझ्याच चुकीने ते तुझ्याकडे राहिले, म्हणून तुझ्यावर चिडायचीही सोय नाही. काल एका गिऱ्हाइकाची कंबर चुकून एकतीस धरली. नानांची आहे एकतीस.

सही करतेस ना? वाकून आकडा बघून. त्यांनी सांगितला म्हणून नाही.

धाकटी


६ एप्रिल

दोघी मुलींस,

थोरली हे माझ्यासमोर बसून वाचणार आहे आणि मग टपालात टाकणार आहे, म्हणजे दोघींना एकदमच लिहितो.

मी तीस वर्षं काट्यावर होतो. एकट्याच्या सहीने एकही गाडी सोडली नाही. साहेबांचा मेहुणा आला तरी नाही. या वेळी मी महिनाभर एकट्याच्या सहीने चालवलं आणि सात वेळा गोळी बुडवली. वहीत शून्य काढलं, कारण खोटं लिहायची सवय नाही. पण शून्य बघणारं कोणी नव्हतं. तो दोष काटेवाल्याचा, म्हणजे माझा. तुम्ही दोघी तो आपसात वाटून घेताय, ते बंद करा.

मला दोघींकडे बरं वाटायचं. एकीकडे दुसरीचं कौतुक केलं की पहिली माझ्यामागे जास्त धावते, हे मला कळत होतं. म्हातारपणी एवढी चैन केली. त्याची शिक्षा तीन दिवस नाकात नळी घालून भोगली.

आता नवा नियम. सोबत चिठ्ठी आहे, आठवड्याची. पहिला रकाना माझा, दुसरा थोरलीचा, ती रोज सकाळी समोर उभी राहून सही करते. तिसरा धाकटीचा. तिने दर आठवड्याला बघायची, विचारायचं ते विचारायचं, सही करून परत पाठवायची. ती परत आल्याशिवाय तो आठवडा पुरा झाला असं मी धरणार नाही. काही दिसलं तर मात्र टपालाची वाट बघायची नाही, फोन करायचा. भांडण झालं तरी चालेल.

थोरलीला मी कोण जड होतं ते सांगितलेलं नाही. थाप मारते.

सोम ६१.२
मंगळ ६१.३
बुध ६१.२
गुरू ६१.८
शुक्र ६१.५
शनि ६१.३
रवि ६१.३

नाना


११ एप्रिल

ताई,

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी उघडली, दारातच, चपला न काढता. सही करून परत पाठवतेय.

गुरुवारी सहाशे ग्रॅम कसे वाढले? बुधवारी काय खाल्लं, पाय बघितलेस का, हे मला लिहून पाठव. शुक्रवारी उतरले म्हणून सोडून देणार नाही. बाकी वार बरोबर आहेत.

आणि एक. दुसरा रकाना चांगला दोन बोटं रुंद आहे. तुझी सही त्यात ऐसपैस पाय पसरून बसली आहे. तिसरा जेमतेम एक बोट. मला नाव मोडून दोन ओळींत लिहावं लागलं. नानांना सांग, पुढची चिठ्ठी आखताना दोन्ही रकाने सारखे आखा.

पट्टी घेऊन. मी मोजून बघणार आहे.

धाकटी